मारहाणीच्या घरात गर्भनिरोधक निवडताना

प्रश्न थोडक्यात असा: मी सांगलीत राहते. धाकट्या बहिणीला आटपाडी तालुक्यात दिलंय. तिचं वय २४. दोन मुली, मोठी चार वर्षांची, धाकटी सात महिन्यांची आणि अजून अंगावर पिते. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात परराज्यात असतो, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला येतो. आला की मारहाण ठरलेली. मुलगा हवा म्हणून सासूचा धोशा चालूच आहे. बाळंतपणात बसवलेली तांबी त्याला कळली, तेव्हा तिला मारून ती काढायला लावली. आता दिवाळीला तो येईल. तिला इतक्यात दिवस जायला नको आहेत. नवऱ्याच्या सहीशिवाय काही करता येतं का? की सरळ ऑपरेशनच करून टाकावं?

उत्तर:

ताई, आधी सहीचं सांगते, कारण त्या एका भीतीपायी कितीतरी बायका दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. सही लागत नाही. तांबी, इंजेक्शन, गोळ्या, कशालाच नवऱ्याची परवानगी लागत नाही. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनलाही लागत नाही. जोडीदाराची संमती आवश्यक नाही, असं केंद्र सरकारच्या निकषांतच लिहिलेलं आहे. लग्न झालेलं, वय २२ ते ४९ च्या मधलं आणि निदान एक मूल वर्षाच्या वरचं, एवढं असलं की बाईची एकटीची सही पुरते. गर्भपाताच्या कायद्यातही १८ वर्षांवरच्या बाईची फक्त तिची स्वतःची लेखी संमती घ्यायची असते. तरी खासगी दवाखान्यांत सर्रास 'मालकांना घेऊन या' म्हणतात. त्यामागे कायदा नसतो. उद्या नवरा चार माणसं घेऊन येईल आणि काउंटरची काच फोडेल, ही धास्ती असते. ती धास्ती खोटी नाही, पण तिचा भुर्दंड बाईवर टाकायचा काहीच कारण नाही. अशा ठिकाणी वाद घालत बसू नका, दुसरीकडे जा. सरकारी दवाखान्यात हा त्रास तुलनेने कमी होतो.

एका नवऱ्याने बायकोवर आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावाही लावून पाहिला होता, माझ्या संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ साली तो फेटाळला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. दुसरी बाजूही सांगून ठेवते, कारण पुढेमागे वकिलाच्या तोंडून ऐकलीत तर घाबराल. समर घोष विरुद्ध जया घोष या २००७ च्या निकालात मानसिक क्रूरतेची जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत वैद्यकीय कारणाशिवाय किंवा जोडीदाराच्या नकळत केलेली नसबंदी किंवा गर्भपात यांचा उल्लेख आहे. म्हणजे घटस्फोटाचा दावा लागला, तर समोरचा वकील हा मुद्दा काढू शकतो. त्यामुळे उपचार बेकायदा ठरत नाही. पण केसपेपरवर कारण लिहिलेलं असावं: अशक्तपणा, दोन बाळंतपणांतलं कमी अंतर, मारहाण. हा कागद नंतर फार उपयोगी पडतो.

अजून एक गोष्ट पुढचं वाचण्याआधीच. हे उत्तर बहिणीच्या फोनवर पाठवू नका. जिथे पाळीचे दिवस मोजले जातात, तिथे फोनही बघितला जातो असंच धरून चाला. ती माहेरी आली की तोंडी सांगा.

आता साधनांकडे येते. एरवी कुणी विचारलं की कोणतं साधन चांगलं, तर मी बाळाचं वय, अंगावरचं दूध, रक्तदाब, पाळीत रक्त किती जातं, असं बघून सांगते. बहिणीच्या बाबतीतही हे बघावं लागेलच. पण मारहाण होणाऱ्या बाईच्या बाबतीत माझी पहिली विचारणा वेगळी असते. हे साधन चालू ठेवणं पूर्णपणे तुझ्या हातात आहे का, की दर वेळी त्याचं मन राखावं लागेल? घरात ते सापडलं तर काय होईल, आणि मागच्या वेळी काय झालं होतं? उद्या नको वाटलं तर ते बंद करायला तुला एकटीला येता येईल का? पुस्तकातल्या तक्त्यात एखादं साधन ९९ टक्के भरवशाचं असेल, पण सापडल्यावर डोकं फुटणार असेल तर त्या ९९ टक्क्यांना काही अर्थ नाही.

ही विचारणा नणंद किंवा सासू शेजारी बसलेली असताना होत नाही. म्हणून बाईला 'वजन-बीपी करायचं' म्हणून आत एकटीला घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही हेच आहे. मारहाणीच्या खुणा दिसत असतील तर विचारा, पण एकांतात विचारा, आणि सल्ले देण्याआधी ऐकून घ्या. आपल्याकडच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एकांत मिळवणं हेच निम्मं काम असतं. डॉक्टरांनी आपणहून केलं नाही, तर बहिणीने सिस्टरला हळूच सांगावं, 'मला मॅडमशी एकटीला बोलायचंय.' कानावरून गेलं की सिस्टर सोय करतात, त्यांनी असं पुष्कळ पाहिलेलं असतं.

तिच्यासाठी माझ्या मनात पहिलं येतं ते इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाने मोफत मिळतं ते. दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेवर घेतात. अंगात काही बसवलेलं नाही, घरात पाकीट नाही, दोरा नाही, चाचपून किंवा सोनोग्राफीत काही कळत नाही. पहिल्या वेळी डॉक्टर तपासतात, रक्तदाब बघतात, स्तनाच्या कर्करोगासारखं काही नाही ना हे विचारतात. घेतल्यावर ती जागा चोळायची नाही आणि शेकायचीही नाही. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घेतलं तर लगेच लागू पडतं. पाळी अजून आलीच नसेल, तर आधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून कधीही देता येतं, पुढचे सात दिवस तेवढे सांभाळायचे. नवरा परगावी असताना ते सात दिवस आपोआप निघून जातात. अंगावर पाजणाऱ्या बाईला सहा आठवड्यांनंतर हे चालतं. बाळ सात महिन्यांचं आहे, तेव्हा ती अडचण नाही.

पुढचा डोस ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून ते चार आठवडे नंतरपर्यंत घेता येतो. ही सवलत बायकांना कुणी सांगत नाही, आणि तारीख टळली की सगळं गेलं असं समजून त्या सोडून देतात. नवरा घरात असताना बाहेर पडता येत नसेल, तर डोस थोडा आधी उरकून घेता येतो.

अडचण आहे ती पाळीची. या इंजेक्शनने पाळी बिघडते. सुरुवातीला काहींना पंधरा-पंधरा दिवस थोडं थोडं अंगावर जातं, पुढे बहुतेकींची पाळी थांबते. तब्येतीला यातलं काहीच धोक्याचं नाही, पण सासरी ते लपत नाही. जिथे अजून चार दिवस बाजूला बसायची पद्धत आहे, तिथे महिना चुकला की सासूला दुसऱ्या दिवशी कळतं. 'दिवस गेले की काय' म्हणून आनंद होतो, आणि महिनाभराने काहीच नाही म्हटल्यावर चौकशी सुरू होते. बहिणीच्या बाबतीत एक सोय आपोआप झाली आहे. बाळ अंगावर आहे. पाजणाऱ्या बाईची पाळी पुढेमागे होते, येत नाही, हे सगळ्या सासवांना ठाऊक असतं. तेवढ्यावर सहा-आठ महिने सहज निभतात. वजन थोडं वाढू शकतं, तेही बाळंतपणाच्या खात्यात जातं. आणि हे तिला आधीच माहीत असू दे: इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला उशीर लागतो, शेवटच्या डोसपासून साधारण सात ते दहा महिने, कधी जास्तही. कायमचं वांझपण येतं ही निव्वळ अफवा आहे.

अंतराचं कार्ड मिळतं. ते तुमच्याकडे ठेवा, तिच्या पर्समध्ये नको.

तांबीबद्दल. मागच्या वेळी त्याला कळली ती बहुधा दोऱ्यामुळे. तांबीचा दोरा गर्भाशयाच्या तोंडापाशी अगदी आखूड कापता येतो, म्हणजे पुरुषाला लागत नाही. पुढे काढताना डॉक्टरांना थोडी जास्त खटपट पडते, पण काढता येते. बसवण्याआधी हे स्वतःहून सांगावं लागतं, 'दोरा कळायला नको' एवढं म्हटलं तरी पुरे. सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या मिळतात, दहा वर्षांची आणि पाच वर्षांची. ज्या घरात अजून काही उघड झालेलं नाही, तिथे मी तांबीला इंजेक्शनच्याही वर ठेवते, कारण तारखा पाळायची कटकटच नाही. पण तुमच्या बहिणीच्या घरात 'तांबी' हा शब्द आता माहीत झालाय. तो तिला गावातल्या डॉक्टरकडे तपासायला नेऊ शकतो, आणि सोनोग्राफीत तांबी स्वच्छ दिसते. शिवाय पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं. म्हणून तिच्यासाठी तांबी दुसऱ्या क्रमांकावर.

'छाया' नावाची गोळी आठवड्याची असते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, हार्मोन नसलेली, पाजणाऱ्या बाईला चालणारी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, वार ठरवून, नंतर आठवड्यातून एकदा. बाळंतपणानंतरच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत ती खपून जाते. हिनेही पाळी कधी कधी लांबते. इंजेक्शन सोसलं नाही तर हा मार्ग आहे. रोजच्या गोळ्या मात्र अशा घरात टिकत नाहीत. पाकीट सापडतं, फेकलं जातं, आणि दोन दिवस चुकले की भरवसा गेला. दंडात कातडीखाली बसवायची कांडी चाचपली की हाताला लागते, ती तिच्यासाठी नको.

निरोधबद्दल दोनच वाक्यं, पण महत्त्वाची. जिथे बाईला 'आज नको' म्हणायची मुभा नाही, तिथे 'निरोध वापरा' हा सल्ला म्हणजे तिला मार खायला पाठवणं आहे, कारण मागितला की 'तुझं बाहेर काही आहे का' हा प्रश्न येतोच. तरीही रोग थांबवणारं साधन ते एकच आहे. बाकी सगळी फक्त गर्भ थांबवतात. एचआयव्हीच्या बाबतीत आपला जिल्हा एके काळी राज्यात वरच्या यादीत होता, ते दिवस आम्ही पाहिलेत. म्हणून ओटीपोटात दुखणं, वास येणारा स्राव, जळजळ असं काही असेल, तर तांबीचा विचार करण्याआधी तपासणी आणि एचआयव्हीची चाचणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि गुप्त ठेवतात. दिवस मोजणं, बाहेर सोडणं हे उपाय दोघांच्या मर्जीवर चालतात, त्यामुळे ते इथे बादच.

आता ऑपरेशन. तुमच्या प्रश्नातल्या 'करून टाकावं' या शब्दांपाशी मी जरा थांबले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तिच्या हिशेबाने महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांची नसबंदी शंभरात एकही भरत नाही. बहुतेक बायकांचं ऑपरेशन पंचविशीच्या आसपास होतं, आणि त्याआधी तांबी-गोळी काहीच वापरलेलं नसतं. हे आकडे कार्यक्रमाच्या दृष्टीने छान दिसतात, 'वापर' भरपूर आहे. त्यात निवड किती आणि सुटका किती, हे आकडा सांगत नाही. मधली सगळी साधनं नवऱ्याच्या किंवा सासूच्या होकारावर अडकतात, म्हणून बाई दोन-तीन बाळंतपणं भराभर उरकते आणि एकदाची मोकळी होते. ऑपरेशन घरच्यांना चालतं, कारण ते त्यांच्या हिशेबाने होतं, म्हणजे मुलगा झाल्यावर. मुलगी नको होती म्हणून जिचं नावच 'नकुशी' ठेवलं, अशा २८५ मुलींची नावं साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेने बदलली, तो कार्यक्रम चांगलाच होता. त्या मुलींच्या आयांना तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

तुमच्या बहिणीला दोन मुली आहेत, मुलगा नाही. निकषांत ती बसते, मोठी मुलगी चार वर्षांची आहे. पण मुलगा नसताना केलेलं ऑपरेशन त्या घरात कळलं, तर मारहाण वाढेल, दुसऱ्या बायकोची भाषा सुरू होईल किंवा तिला माहेरी आणून सोडतील. पोटावर टाक्याची खूण राहते. बिनटाक्याचं म्हणतात त्यातही बारीक खूण असतेच. दुसरं असं की ती २४ वर्षांची आहे. हे लग्न टिकेल की मोडेल, ती पुन्हा लग्न करेल का, तेव्हा तिला मूल हवंसं वाटेल का, यातलं काहीच आज ठरलेलं नाही. ऑपरेशन उलटवणं खर्चिक असतं आणि यशाची हमी नसते. भीतीच्या भरात कायमचा निर्णय नको, आज तीन-तीन महिन्यांचा वेळ विकत घ्या, एवढंच माझं म्हणणं. मात्र हे सगळं समजून घेऊन ती स्वतः शांतपणे म्हणाली की मला करायचंच आहे, तर तिला नाही म्हणायचा अधिकार मलाही नाही आणि, रागावू नका, तुम्हालाही नाही.

आणि ऑपरेशननंतरही साधारण दोनशेत एखादीला दिवस जातात. समजूतदार घरात ती सरकारी भरपाईची केस होते. संशयी घरात ती 'हे कुणाचं' अशी केस होते. पुरुष नसबंदीचंही तसंच आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून घ्यायचं असतं. हे नवऱ्याला समजावून सांगितलेलं नसतं, बायकोला दुसऱ्या महिन्यात दिवस जातात, आणि बडवली जाते ती. म्हणून नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषासमोर आणि त्याच्या बायकोसमोर हे एकत्रच सांगावं, असं मी कनिष्ठ डॉक्टरांना नेहमी सांगते.

तो साधनांना इतका विरोध का करतो, असं तुम्हाला वाटत असेल. मुलगा हे उघड कारण. पण संशय मला जास्त खोल वाटतो. विटा, आटपाडी, खानापूरकडचे गलाईवाले, माण-खटावातून मुंबईला गेलेले कामगार, साताऱ्याचे फौजी, या सगळ्यांच्या घरात बाई वर्षातले बरेच महिने एकटी असते. बहुतेक घरं नीट चालतात, धंद्याला किंवा नोकरीला नावं ठेवायची नाहीत. पण जिथे संशयाचं बी आहे तिथे साधन म्हणजे पुरावाच ठरतो. 'मी इथं नसतोय, मग तांबी कुणासाठी बसवलीस?' हे वाक्य मी वेगवेगळ्या तालुक्यांतल्या बायकांच्या तोंडून जवळजवळ त्याच शब्दांत ऐकलंय. त्यांना उत्तर देता येत नाही, कारण खरं उत्तर 'तुम्ही येता तेव्हासाठी' हे असतं.

मारहाण आणि गर्भनिरोधक यांचा हा संबंध अभ्यासातही दिसतो. १९९८-९९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातल्या ग्रामीण बायकांना २००२-०३ मध्ये पुन्हा गाठून एक अभ्यास झाला. त्यातल्या चार राज्यांत महाराष्ट्र होता. ज्यांना मारहाण झाली होती, त्यांनी पुढच्या काळात साधन वापरायला लागण्याची शक्यता कमी होती आणि नको असलेलं गरोदरपण वाट्याला येण्याची शक्यता जास्त. तरी आमच्या समुपदेशनाचं पहिलं वाक्य अजून 'नवऱ्याला विश्वासात घ्या' हेच असतं. भिंतीवरच्या पोस्टरवर जोडपं हसत असतं. सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली नवविवाहितांसाठी योजना काढली होती, पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये. कल्पना चांगली होती, पण तीही दोघं मिळून ठरवतात हे धरून चालली होती. बोलता येतं अशा घरात नवऱ्याला सोबत आणाच, फरक पडतो. जिथे हात उगारला जातो तिथे हा सल्ला देऊ नये. लपवून साधन वापरायला लागणं मलाही आवडत नाही. पण तिला खरं बोलायला जागा नाही, आणि ती जागा तिने घालवलेली नाही.

एवढं करूनही चुकलंच तर काय? तो अचानक आला, काहीच घेतलेलं नव्हतं, तर ७२ तासांच्या आत आपत्कालीन गोळी. जितकी लवकर तितकी चांगली. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईंकडेही असते. पाच दिवसांपर्यंत तांबी बसवूनही गर्भ थांबवता येतो. पाळी चुकली तर वाट बघत बसू नका, घरच्या घरी चाचणी करा. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाले. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि साधन फसलं हेही त्यात मान्य कारण आहे. काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने होतो. या परिस्थितींत बलात्कार येतो, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गर्भपाताच्या कायद्यापुरता त्यात नवऱ्याने केलेला बलात्कारही धरायचा. फौजदारी कायद्यात तो अजून गुन्हा नाही, हा विरोधाभास आपल्याला सोसावा लागतो. बाईचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, म्हणून गुप्ततेची काळजी करू नका. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच, आणि मान्यताप्राप्त केंद्रातल्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच. मेडिकलमधून 'किट' आणून बायकोला जबरदस्तीने चारणारे नवरे आहेत. मग रात्री रक्तस्राव होऊन ती आमच्याकडे येते. बाईच्या संमतीशिवाय गर्भ पाडणं हा गंभीर गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

दिवस गेले आणि घरचे 'चल, बघून येऊ' म्हणून कुठेतरी नेऊ लागले, तर तिने सावध व्हावं. मिरज तालुक्यात म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले, ते प्रकरण बाहेर आलं ते एका गर्भवतीचा बेकायदा गर्भपातात जीव गेल्यावर. मुलीचा गर्भ म्हणून पाडायला लावणं ही मारहाणीपेक्षा वेगळी गोष्ट नाही. गर्भावर हक्क कुणाचा, हाच दोन्हीकडे मुद्दा असतो. या विषयावर ज्या काम करतात त्या साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांचं दलित महिला विकास मंडळ तुम्हाला माहीत असेलच.

आता मारहाणीचं. कोणतंही इंजेक्शन मारहाण थांबवत नाही. फक्त तिसरं बाळंतपण अंगावर घेऊन तिला ती लढाई लढावी लागत नाही. तिची तक्रार करायची तयारी आज नसेल, तर ढकलू नका. बाईने घर सोडलं त्या सुमारास धोका सगळ्यात जास्त असतो. पण काही गोष्टी घडल्या असतील तर थांबूही नका: गळा दाबणं, पेटवून देण्याची किंवा विहिरीत ढकलण्याची धमकी, हत्यार काढणं, पोटावर लाथा, आणि दर खेपेला मार वाढत जाणं. यात गळा दाबण्याला मी सगळ्यात जास्त भिते. एकदा ज्याने तो दाबला, तो पुढच्या वेळी सोडेलच असं नसतं. बाहेर वळही दिसत नाही, म्हणून बायका ते 'एवढं काही नाही' म्हणून सांगतात. आवाज बसला, गिळताना दुखलं, भोवळ आली तर त्याच दिवशी दवाखाना.

२००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा लोकांना वाटतो तसा नवऱ्याला तुरुंगात टाकण्यासाठीच नाही. त्यात शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळावर दंडाधिकारी संरक्षणाचा, घरात राहू देण्याचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आदेश देऊ शकतात. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला असंच बाहेर काढता येत नाही. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत करता येतो, आणि तुमच्या तालुक्यासाठी कोण आहेत ते जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात कळतं. वकिलाचा खर्च नको. उत्पन्न कितीही असलं तरी बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांचा फोन १५१००. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. सखी केंद्रात, म्हणजे छळ झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, काही दिवस राहायची सोय होते. छळाची पोलीस तक्रार करायची झाली, तर पूर्वीचं ४९८-अ आता न्याय संहितेत कलम ८५ आहे.

गावात तंटामुक्ती समितीकडे नेण्याचा आग्रह होईल. बांधाचे तंटे तिथे सुटतात, पण मार खाल्लेल्या बाईला चार पुरुषांसमोर बसवून 'आता पुन्हा असं करायचं नाही' म्हणत नांदायला पाठवणं हे मी फार वेळा पाहिलंय. समझोता करायचाच असेल तर लेखी करा, आणि तिच्या बाजूला एक जाणती बाई बसलेली असू द्या.

मार लागल्यावर ती दवाखान्यात गेली, तर 'पडले' म्हणून सांगू नये. 'नवऱ्याने मारलं' हे केसपेपरवर लिहून घ्यावं, जखमांची जागा आणि आकार लिहून घ्यावेत. पोलिसांत लगेच जायचं नसलं तरी हा कागद पुढे कोर्टात बोलतो. त्याची प्रत, तिच्या आणि मुलींच्या आधारच्या प्रती, बँकेचं पासबुक, थोडे पैसे हे सगळं तुमच्या घरी असू द्या.

आता दिवाळीच्या हिशेबाने. दिवाळीआधी निदान तीन आठवडे तिला बाळाच्या लसीचं किंवा आईच्या तब्येतीचं निमित्त काढून माहेरी आणा. इंजेक्शन गावच्या उपकेंद्रात नको. तिथल्या सिस्टर भल्या असतील, पण बाहेरच्या बाकावर सासूच्या ओळखीची कुणीतरी बसलेली असते. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात कुटुंबनियोजन विभागात न्या, आत तिला एकटीला जाऊ द्या, तुम्ही बाळाला घेऊन बाहेर थांबा. रक्तदाब, वजन, गरोदरपणाची चाचणी, मग पहिला डोस. रक्तस्राव किती आणि कसा होऊ शकतो, हे निघण्याआधी नीट विचारून घ्या. पुढची तारीख तीन महिन्यांनी येईल, तोवर नवरा परत गेलेला असेल. तो तिसऱ्या महिन्यातही घरीच राहिला तर डोस दोन आठवडे आधी उरका. आणि आत गेल्यावर ती काही वेगळंच ठरवून बाहेर आली, तर तिथेच बाकावर तिची समजूत घालत बसू नका. घरी या आणि ती काय म्हणते ते आधी ऐका.